खेळणारे फार, खेळवणाऱ्या दोघी

आमच्या ग्रुपमधली कुठलीही दोन माणसं चहाला बसली की तिसऱ्या मिनिटाला "अगं, ते आठवतंय का..." सुरू होतंच. एक किस्सा सांगून संपेपर्यंत दुसरा घडलेला असतो. परवा तर हरप्रीतने एक किस्सा मला अगदी रंगवून सांगितला. तो माझ्याच बाबतीत घडला होता!

आम्ही लार्प खेळतो. म्हणजे नाटकासारखंच, पण संवाद लिहिलेले नसतात आणि प्रेक्षकही नसतात. प्रत्येकाला एक कार्ड मिळतं: तू कोण, तुला काय हवंय, तू काय लपवतोयस. मग तीन तास त्या माणसासारखं वागायचं. मी मूळची सांगलीची, इथे चंदीगडला कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. हरप्रीतचा इंडस्ट्रियल एरियात नटबोल्टचा कारखाना आहे. आम्ही दोघींनी हे सुरू केलं तेव्हा सगळे मिळून नऊ जण होतो.

आईला फोनवर हे सगळं नीट समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे भातुकली. प्राध्यापक झालीस तरी सुटली नाही!"

* * *

पहिला मोठा गेम चंदीगडबाहेर मुल्लानपूरला, एका ओळखीच्या माणसाच्या रिकाम्या प्लॉटवर. विषय होता पंचायतीचा: गावची जमीन बिल्डरला द्यायची की नाही. हरप्रीत सरपंच. वाद चांगलाच तापला.

तेवढ्यात एक पगडीवाले बाबाजी येऊन गोलात बसले आणि बोलायला लागले. गव्हाबद्दल, विकलेल्या शेताबद्दल, आलेल्या पैशांनी मुलाने घेतलेल्या गाडीबद्दल. दहा मिनिटं कुणी हललं नाही. आमची एक मुलगी तर ओढणीने डोळे पुसत होती.

गेम संपला, टाळ्या झाल्या. मी यादी घेऊन त्यांच्याकडे गेले. "बाबाजी, आपका कैरेक्टर कौन सा था? लिस्ट में मिल नहीं रहा."

"कैरेक्टर?" ते म्हणाले, "पुत्तर, जित्थे तू खड़ी एं, ओत्थे मेरी मोटर सी."

म्हणजे मी उभी होते तिथे पूर्वी त्यांच्या शेतातल्या बोअरची मोटर होती! आम्ही सगळे खजील. शेवटी बाबाजीच काठी टेकत उठले आणि विचारलं, "अगली पंचायत कदों ऐ?"

* * *

मग बातमी पसरली. हॉस्टेलमधली मुलं आली, बँकवाले आले, बदलीवर आलेल्या आर्मी ऑफिसरांच्या बायका आल्या. नावनोंदणीचा फॉर्म उघडला की माझा चहा निवायच्या आत भरून जायचा. एक गेम लिहायला आम्हा दोघींना तीन-तीन आठवडे लागायचे. महिन्याला एक, फार तर दोन. त्याहून जास्त कुठून आणणार?

त्यातच माझी दाढ दुखायला लागली. दातांचे डॉक्टर कोल्हापूरचे, पाटील. माझं तोंड उघडं, त्यांच्या हातात ड्रिल.

"दुखतंय का?"

मी मानेने नाही म्हटलं.

"मॅडम, वेटिंग लिस्टवर माझा नंबर सतरावा आहे. मागच्या महिन्यातही सतरावाच होता." ड्रिल सुरू झालं. "या रविवारी जमेल ना?"

त्या रविवारच्या राजदरबारात एक राजवैद्य वाढला!

* * *

एकाच वेळी जास्त माणसं सामावून घेता यावीत म्हणून आम्ही सेक्टर ४३ च्या बसस्टँडवर गेम ठेवला. तीसजण, प्रत्येकजण एकेकटा प्रवासी. बँकेतल्या मनीषच्या कार्डावर होतं, 'तू घरातून निघालायस, पण कुठे जायचं ते ठरत नाहीये.'

मनीष मनापासून खेळणारा माणूस. खांबाला टेकून तो असा काही उदास बसला की एका खऱ्या कंडक्टरला राहवेना. त्याने चहा पाजला, विचारपूस केली आणि म्हणाला, "चल यार, अंबाला. मेरी बहन का घर है, रोटी खा, फिर सोच."

आम्ही इकडे माणसं मोजतोय, एक कमी! तासाभराने फोन आला. "मैडम, अंबाला आ गया. कैरेक्टर से बाहर आ जाऊँ?"

मी ओरडलेच, "अरे, वापस आओ!"

"बस, परांठे बन रहे हैं जी."

* * *

हसू यायचं, पण वेटिंग लिस्ट काही कमी होत नव्हती. तीनदा नकार मिळालेली माणसं चौथ्यांदा नाव देईनाशी झाली. एक दिवस मी हरप्रीतला म्हटलं, "फॉर्मच बंद करू या. माझ्याने आता होत नाही."

तिने फोन उचलला. मग ग्रुपवर एक ओळ टाकली: 'दो खेलो, तीसरा खिलाओ.' म्हणजे दोन गेम खेळलात की तिसरा तुम्ही घ्यायचा.

सहाजण ग्रुप सोडून गेले. मला वाटलं, संपलं सगळं.

दुसऱ्या दिवशी पहिलं नाव आलं विंग कमांडर देशमुखांचं. निवृत्त, मूळचे अमरावतीचे. त्यांनी फाळणीत ताटातूट झालेल्या दोन भावांच्या भेटीचा गेम लिहिला, आणि सोबत वेळापत्रक दिलं. त्यात एक ओळ होती: '१५.४० ते १५.४५ : रडणे.'

आम्ही पोट धरून हसलो. पण गेममध्ये थोरल्या भावाने धाकट्याच्या मनगटावरचा जुना व्रण ओळखला, आणि खोलीतले सगळेच रडायला लागले. देशमुखसुद्धा. त्यांनी डोळे पुसले, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "दोन मिनिटं आधी."

त्यानंतर हात वर व्हायला लागले. डॉक्टर पाटलांनी घेतला, आर्मी ऑफिसरांच्या बायकांनी मिळून घेतला. मनीषने घेतला, पण चार भिंतींच्या आत! आता एकेका रविवारी तीन-तीन गेम असतात आणि त्यातल्या काहींचे विषयसुद्धा मला माहीत नसतात.

* * *

मागच्या रविवारचा गेम होता माझ्या मुलीचा. इरा पंधरा वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत येतं. हरप्रीतच्या कारखान्यातल्या शेडमध्ये तिने खुर्च्या मांडल्या, गळ्यात शिट्टी अडकवली आणि मला म्हणाली, "मम्मी, आज तुम भी खेलो."

इतके गेम घेतले, पण मी स्वतः एकदाही खेळले नव्हते. मी कार्ड उघडलं. कार्ड मराठीत होतं, वेलांट्या सगळ्या चुकलेल्या. 'तुझं वय पंधरा. तुझी आई सगळ्या शहरासाठी गेम घेते. आज तुला तिला काहीतरी सांगायचंय.'

आईच्या भूमिकेत हरप्रीत होती. ती कानाला फोन लावून समोर बसलेली.

"आई, ऐक ना."

"दो मिनट, बेटा."

"आई, महत्त्वाचं आहे."

"बस, दो मिनट."

मी आवाज चढवला. "आई, फोन ठेव! ऐक ना गं माझं!"

कोपऱ्यातून इरा आली. माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाली, "मम्मी, थोड़ा और गुस्सा. मैं तो इससे ज़्यादा करती हूँ."