जर्सी धुणाऱ्या अक्का

धुवायला आलेली जर्सी दोन्ही खांद्यांना धरून अक्का उजेडात उभी करायच्या, एकदा नाकाजवळ न्यायच्या आणि निकाल द्यायच्या, "ह्यो पळलाय." पुढची जर्सी उचलली की, "ह्यो न्हाय पळला. नुस्ता हुबा हुता." आयुष्यात त्यांनी एक मॅच पाहिली नव्हती. पण आदल्या दिवशी मैदानावर गेलेले आम्ही लोक ते ऐकून एकमेकांकडे बघायचो, कारण निकाल बहुतेक वेळा बरोबर असायचा.

त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर असेल तेवढंच. पेठेत लहानथोर सगळे त्यांना अक्काच म्हणत. तालमीच्या समोर त्यांचं इस्त्रीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, मागे पाण्याचा हौद आणि वाळत घालायला गच्चीवरच्या चार तारा. नवरा गेल्यावर धंदा त्यांनी एकटीने चालवला. मुलगी आजऱ्याला दिलेली. आमच्याकडे तालमी कुस्तीबरोबर फुटबॉलचे संघही चालवतात; आमच्या तालमीच्या संघाचे कपडे कधीपासून त्यांच्याकडे येत होते, हे मला ठाऊक नाही. मी संघाचा खजिनदार झालो तेव्हा येत होते एवढं खरं.

खजिनदार झालो तो अक्षर चांगलं म्हणून आणि सहकारी बँकेत कारकून होतो म्हणून. संघाचा सगळा खर्च आमचे अध्यक्ष करायचे. गुळाचे व्यापारी, दिलदार माणूस. बुटांपासून मॅचनंतरच्या मिसळीपर्यंत सगळं त्यांच्या खिशातून. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांचा धंदा बसला. एका सकाळी त्यांनी मला पेढीवर बोलावलं, चहा पाजला आणि खाली बघत म्हणाले, "आता न्हाय जमायचं." मी चहा चांगला झालाय म्हणालो.

तिथून उतरण लागली. दोन चांगले खेळाडू दुसऱ्या पेठेत गेले. बूटवाल्याने उधारी बंद केली. एकट्या अक्कांनी काम थांबवलं नाही. मी दुकानासमोरून मान खाली घालून जायला लागलो की हाक यायची, "काय खजिनदार! खजिना कुठं हाय? का नुस्तं दारच?" आणि स्वतःच मोठ्याने हसायच्या. एकदा लाजून मी माझ्या पगारातले थोडे पैसे पुढे केले. त्यांनी हात मागे घेतला. "तुमचं कशाला? तुमी कुठं घाण केल्यात कापडं?"

मग एक बिल्डर आला. म्हणाला, सगळी देणी मी भागवतो, पण संघ माझ्या नावावर करा, नावाच्या पुढे माझ्या कंपनीचं नाव लावा. आमचे उपाध्यक्ष चवताळले. त्यांचं म्हणणं, संघ तालमीचा, विकायचा प्रश्नच नाही. कागद काढले तर नोंदणी जुन्या अध्यक्षांच्या सहीने झालेली, आणि ते दार लावून घरी बसलेले. संघ नक्की कुणाचा, हे कुणालाच सांगता येईना. प्रकरण वकिलाकडे गेलं. खेळाडूंचीही फाळणी झाली. सात जण बिल्डरकडे, सहा उपाध्यक्षांकडे. म्हणजे अकरा कुणाकडेच नाहीत. आमचा गोली, म्हणजे गोलकीपर, आणि मधल्या फळीतला सेंटर हाफ एका गल्लीतले, शाळेपासूनचे मित्र. ते समोरासमोर आले तरी बोलेनात.

सीझनची पहिली मॅच रविवारी होती. स्पर्धा भरवणाऱ्या फुटबॉल संघटनेने निरोप पाठवला: तुमचं भांडण तुम्ही बघा, आम्हाला एक यादी द्या, सगळ्या खेळाडूंच्या सह्यांची. नाहीतर या वर्षी तुमचा संघ बाद.

पेठेत कुणीतरी पिल्लू सोडलं की जर्सी ज्याच्याकडे, संघ त्याचा. झालं. बिल्डरचा माणूस गाडी घेऊन अक्कांच्या दारात. थकलेले सगळे पैसे त्याने टेबलावर ठेवले आणि गठ्ठा मागितला. अक्कांनी इस्त्री थांबवली नाही.

"पावणं, ह्यातली कुठली जर्सी तुमची?"

"माझी म्हणजे... सगळ्याच."

"घालून दावा बघू एक." तो भला दांडगा माणूस पैसे उचलून गेला. तासाभराने उपाध्यक्ष आले. ते पेठेतलेच, त्यामुळे त्यांना नुसतंच "न्हाय" मिळालं.

शनिवारी दुपारी अक्कांनी सगळ्या खेळाडूंना निरोप धाडला, आपापली जर्सी आपण येऊन न्या, दुसऱ्याच्या हातात देणार नाही. मलाही कागद-पेन घेऊन बोलावलं. त्या एवढ्याशा दुकानात तेरा धिप्पाड गडी दाटीवाटीने उभे राहिले, सात एका भिंतीला, सहा दुसरीला. मधे टेबल. टेबलावर घड्या. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

अक्का गठ्ठ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "ही कापडं दोन वर्सं मी फुकट धुतल्यात. व्हय का न्हाय खजिनदार?"

"व्हय," मी म्हणालो.

"मग ह्यात माझाबी वाटा हाय. म्हंजे मीबी मालक हाय की! तर मालक म्हणून सांगतो, उद्या खेळायचं. कुणाचं नाव लावायचं त्ये मागनं भांडा. वरीसभर भांडा. पर ह्यो गठ्ठा कपाटात पडून कुजलेला मला बघवायचा न्हाय."

शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज थोडा फाटला. आम्ही कुणी तो आवाज आधी ऐकला नव्हता.

मग गोली पुढे आला, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि सही केली. पेन मला परत न देता त्याने ते सेंटर हाफसमोर धरलं. त्याने घेतलं. पुढचं सोपं होतं.

यादीच्या तळाला संघप्रमुखाच्या सहीची जागा होती. तिथे कुणी सही करायची, हाच तर मूळ वाद होता. सेंटर हाफ म्हणाला, "अक्का, तुमी करा." त्या नको नको म्हणाल्या, मग हात पदराला पुसून, एकेक अक्षर कोरत सही केली. दुसऱ्या दिवशी मैदानावर संघटनेच्या माणसाने यादी वाचून विचारलं, "ह्या कोण?"

"मालक," गोली म्हणाला, आणि हातमोजे घालत निघून गेला.

ती मॅच आम्ही दोन गोलनी हरलो. खोटं कशाला सांगू, त्या वर्षी बऱ्याच मॅच हरलो आणि खालच्या गटात गेलो. पण संघ बाद झाला नाही. बिल्डरचा उत्साह पुढे मावळला. काही वर्षांनी कोर्टाचा निकाल तालमीच्या बाजूने लागला, तेव्हा उपाध्यक्षांनी पेढे वाटले. अक्कांनी पेढा घेतला आणि विचारलं, "कसलं पेढं?"

पुढे दुकानाची इमारत पाडायची ठरली. मुलीने आजऱ्याला चला म्हणून हट्ट धरला. गुडघेही बोलायला लागले होते. निघाल्या त्या दिवशी स्टँडवर मी गेलो तर गोली, सेंटर हाफ आणि त्या वेळचे सात-आठ जण आधीच आलेले. कुणाची पोटं सुटलेली, कुणाचे केस गेलेले. सगळ्यांनी खायला काहीतरी आणलेलं. "आजऱ्यात काय खायाला मिळत न्हाय व्हय?" अक्का ओरडल्या, पण पिशव्या सगळ्या घेतल्या. खिडकीतून कुणाला काही सांगायच्या आत त्यांचं कंडक्टरशी सामानावरून वाजलं, आणि त्या भांडणातच गाडी सुटली. त्यांनी मागे वळून पाहिलंच नाही.

फलाटाला दुसरी गाडी लागायची होती. तिचा ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. आणि आम्ही सगळे तिच्या वाटेत उभे होतो.