झग्याची मधली चीर

बेल्मीराबाईंनी चौथीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही. पण पोर्तुगालमधल्या कोइंब्राच्या विद्यापीठातल्या दोन पिढ्यांची प्रेमं कुठे जमली आणि कशावरून मोडली, याचा त्यांच्याइतका अभ्यास एकाही प्राध्यापकाचा नव्हता.

त्यांचं दुकान पाठमोड जिना नावाच्या, टेकडी चढणाऱ्या पायऱ्यांच्या गल्लीत मधोमध होतं. एक खिडकी, एक शिवणयंत्र, दोन स्टुलं, आणि वर लाकडी जिना चढून गेलं की बिऱ्हाड. डोक्यावर टेकडीच्या माथ्याला विद्यापीठ, पायथ्याशी बाजार आणि मोंडेगो नदी. डॉक्टर, पाद्री, मासळी, सुईदोरा आणि चहाड्या, सगळं पायांच्या अंतरावर. त्रेचाळीस वर्षांत बाईंनी बसचा पास कधी काढला नाही. नदीपर्यंत उतरायला धडधाकट माणसाला सहा मिनिटं पुरतात. बाईंना पाऊण तास लागायचा, कारण वाटेत बोलायचं कुणी आणि उत्तरं द्यायची कुणी?

त्यांच्याकडे यायचे ते विद्यार्थ्यांचे काळे झगे. आमच्याकडे हा झगा शिक्षण संपेपर्यंत धूत नाहीत. धुतला की दैव धुऊन निघतं म्हणतात. त्यामुळे शेवटच्या वर्षाचा मुलगा जिना चढायला लागला की तो दिसण्याआधी त्याचा वास पोचतो. या झग्याची खालची कड माणसं हातांनी, दातांनी फाडतात. डाव्या बाजूच्या चिरा घरच्यांच्या, उजव्या मित्रमैत्रिणींच्या. मधोमध मात्र एकच चीर, आणि ती फाडायचा मान जिच्यावर किंवा ज्याच्यावर जीव जडलाय त्याचा. प्रेम मोडलं की मधली चीर शिवायची. पण आपल्या हातानं शिवली तर पुढचंही टिकत नाही, अशी समजूत. म्हणून सगळे भग्नहृदयी बेल्मीराबाईंच्या दारात.

बाईंचा एक नियम होता. झगा ठेवून जायचं नाही. समोरच्या स्टुलावर बसायचं, आणि टाके पडेपर्यंत काय ते बोलून घ्यायचं. रडा, शिव्या द्या, त्याच्या आईचा उद्धार करा. बाई मान खाली घालून टाके घालत राहायच्या. शेवटी दोरा दातानं तोडला की त्या नाकावरचा चष्मा काढायच्या आणि म्हणायच्या, "झालं. आता हे नाव या दुकानात नको." मोठे वकील झालेले लोक अजून सांगतात, आमचं दुःख त्या दाताखाली तुटलं.

आता बाईंनी सत्तरी ओलांडली होती आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. काळ्या कापडावर काळा दोरा त्यांना दिसेनासा झाला, तसं बोटांनी चाचपून शिवणं सुरू झालं. शिवण पूर्वीसारखीच यायची, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. पत्ता लागला तो लेकीला. ग्रासिएत नदीपलीकडे लिफ्टवाल्या इमारतीत राहायची, विम्याच्या ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर होती, आणि आईनं डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्यावं, नाहीतर आपल्याकडे राहायला यावं, म्हणून दोन वर्षं मागे लागली होती. बाई ऑपरेशनला घाबरायच्या, हे खरं कारण. पण ते कबूल कोण करणार? त्या म्हणायच्या, अजून हात चालतोय. नाताळच्या आदल्या रात्री मासा आणि कोबी ताटात निवत असताना वाद टोकाला गेला, तेव्हा बाईंच्या तोंडून निघून गेलं, "ज्या दिवशी माझ्या हातून भलतीच चीर शिवली जाईल, त्या दिवशी दुकानाला कुलूप लावून तुझ्याकडे येईन." ग्रासिएत एवढंच म्हणाली की ठीक आहे, आणि बटाटे वाढायला उठली.

फेब्रुवारीत ती वेळ आली.

इरीया नावाची डोंगरातल्या खेड्याकडची मुलगी, कायद्याच्या तिसऱ्या वर्षाची. सकाळी धापा टाकत दारात आली. वर मनोऱ्यावरची घंटा वाजत होती. त्या घंटेला आमच्याकडे शेळी म्हणतात, कारण तिच्या आवाजामागे पोरं कळपासारखी वर्गात जातात. इरीयाची तोंडी परीक्षा पंधरा मिनिटांवर होती आणि संध्याकाळी एका मैत्रिणीचा निरोपसमारंभ होता. ज्याच्याशी मोडलं तो तिथे येणार. त्याच्यासमोर मधली चीर उघडी टाकून मला जायचं नाही, असं ती रडकुंडीला येऊन सांगत होती. बाईंनी नियम सांगितला. मुलीनं घंटेकडे बोट दाखवलं. बाईंचं मन विरघळलं, आणि इरीया झगा स्टुलावर टाकून पायऱ्या चढून पळाली.

झगा दुहेरी घडीचा पडला होता. समोर कुणी बोलायला नाही, उलटसुलट करून दाखवायला नाही. बाईंच्या बोटांना एक लांब चीर लागली. ती त्यांनी इतकी सुरेख मिटवली की मिटवून पुन्हा बोट फिरवलं तर शिवण जाणवेना, आणि त्या स्वतःवर खूश झाल्या.

संध्याकाळी इरीयानं दारातच झगा खांद्यावर टाकला, गिरकी घेतली आणि थांबली. मधली चीर तशीच लोंबत होती. मिटली होती ती डावीकडची, आजोबांची. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा तो म्हातारा ती फाडायला तीन बसगाड्या बदलून डोंगरातून आला होता आणि तोंडात उरलेल्या चार दातांनी त्यानं कापड फाडलं होतं. घरच्या माणसाची चीर शिवणं म्हणजे त्याचं मरण ओढवणं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. इरीया पांढरीफटक पडली. तिनं तिथूनच घरी फोन लावला. आजोबा ठणठणीत होते, सूप पीत होते, आणि जेवणाच्या वेळी फोन कसला करतेस म्हणून वैतागले.

मग दोघी दिव्याखाली उसवायला बसल्या. म्हणजे इरीया बसली. बाईंना स्वतःचेच टाके दिसत नव्हते. तासभर मुलगी टाचणीच्या टोकानं एकेक टाका उचलत होती आणि बाई हात मांडीवर ठेवून बघत होत्या. उभ्या आयुष्यात त्या कापडासमोर रिकाम्या हातांनी बसल्या नव्हत्या. त्यांना लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती वाटली. चीर पुन्हा मोकळी झाली तोवर समारंभाची वेळ टळून गेली होती. इरीयानं त्यांच्या गालाला गाल लावला आणि म्हणाली की मी कुणाला सांगणार नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची. बाई गप्प राहिल्या असत्या तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. तीन दिवस त्या गप्प राहिल्याही. सूप जाईना, मांजराशी बोलणं बंद. ज्या बाईनं हजार पोरांना झालं ते झालं असं सांगून दारातून वाटेला लावलं, तिनं स्वतःचा शब्द गिळायचा? चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी लेकीला फोन केला.  ग्रासिएत म्हणाली, शनिवारी येते.

शनिवारी ती आली. गाडी अर्थातच खाली नदीकाठी. पाठमोड जिन्यावर गाढवसुद्धा कुरकुरतं. एका बॅगेत कपडे भरले, मांजर शेजारणीकडे दिलं, बाईंनी दुकानाला कुलूप लावलं आणि ते दोनदा ओढून पाहिलं. ग्रासिएत बॅग घेऊन पुढे निघाली. बाकी सामान पुढच्या आठवड्यात न्यायचं ठरलं होतं.

आता त्या जिन्यावरून गुपचूप निसटता आलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. दहा पायऱ्या उतरतात तोच खानावळवाला आदेलीनू दारात आडवा आला. बॅगेकडे बघून त्यानं विचारलं, कुणी वारलं का? बाईंनी सांगितलं. तो आत गेला आणि मक्याची भाकरी कागदात गुंडाळून घेऊन आला. नदीपलीकडे मिळते ती भाकरी नव्हे, भुसा असतो, म्हणाला. पुढे मासळीवाली बसली होती. तिनं बाईंचा हात धरून ठेवला आणि ग्रासिएतला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, म्हाताऱ्या झाडाची कुंडी बदलू नये. ग्रासिएत एव्हाना दोन टप्पे खाली पोचली होती. ती बॅग टेकवून उभी राहायची, घड्याळ बघायची, आई जवळ आली की पुन्हा उचलून चालू पडायची. तिचाही राग खोटा नव्हता. दोन वर्षं तिला रात्रीअपरात्री आई जिन्यावरून पडल्याची स्वप्नं पडत होती, आणि हे सगळे भाकरीवाले तेव्हा कुठे असणार होते?

जुन्या कमानीपाशी खालून इरीया येताना दिसली. अंगात झगा, मधली चीर अजून तशीच. तिनं बॅग पाहिली, दोघींकडे पाहिलं आणि तिला न सांगता कळलं.

"बेल्मीराबाई, माझं राहिलंय," ती म्हणाली.

"दुकान बंद झालं, पोरी. खालच्या गल्लीत एक चांगली शिंपीण आहे."

"दुकान बंद असू दे. तुम्ही आहात ना? आज मला परीक्षाबिरीक्षा काही नाही. बसते."

आणि ती खरंच पायरीवर बसली. बाईंनी लेकीकडे पाहिलं. ग्रासिएतनं सुस्कारा सोडला आणि बॅग आडवी टाकून आईला बसायला दिली. सुई बाईंच्या कोटाच्या आतल्या बाजूला टोचलेली असायचीच, दोराही खिशात. पण दोरा ओवायला तिसऱ्यांदा हुकला, तेव्हा ग्रासिएतनं सुई त्यांच्या हातातून घेतली आणि स्वतः ओवून दिली. मग चिरेची दोन्ही टोकं जुळवून आईच्या बोटांत धरून दिली आणि पुढचा टाका, त्याच्या पुढचा टाका असं दाखवत राहिली.

इरीया बोलू लागली. तो वाईट नव्हता, ती सांगत होती. मारझोड नाही, दुसरी मुलगी नाही. भेटला तेव्हा वर्गातून खाली येताना दोघांना दीड तास लागायचा. पुढे पुढे त्याला घाई व्हायला लागली.

"जिन्यावर तो पुढे निघून जायचा. थांबायचा, वाट बघायचा, नाही असं नाही. पण मी पोचले की लगेच निघायचा. म्हणजे मी कायम मागेच. वर्षभर मी त्याच्या पाठीशी बोलले."

ग्रासिएतचा हात थांबला. बाईंनी चाचपडून टाका स्वतःच घातला. तो जरा वाकडा पडला.  इरीया नाक पुसून आणखी दहा मिनिटं बोलली, त्या मुलाच्या आईपर्यंत गेली, आणि तिथून थोडी हसलीसुद्धा. गाठ बसली. बाईंनी दोरा दातानं तोडला.

"झालं. आता हे नाव या..." बाई अडखळल्या. दुकान तर नव्हतं.

"या जिन्यावर नको," इरीयानं वाक्य पुरं केलं, झगा झटकला आणि वर निघून गेली.

बाई उठल्या, खाली जायला वळल्या. ग्रासिएत बॅगेची मूठ धरून तशीच उभी होती.

"आई, कुलूप लावलंस ना? तो अर्धा शब्द झाला," ती म्हणाली. "उरलेला अर्धा असा. येत्या गुरुवारी डोळ्यांचं ऑपरेशन. तारीख मी नाताळातच घेऊन ठेवलीय, तुझा पाय मोडायची वाट बघत नव्हते. त्यानंतर पंधरा दिवस माझ्याकडे राहायचं. लिफ्टनं वर-खाली करायचं आणि भुशाची भाकरी खायची."

"आणि पंधरा दिवसांनी?"

"पंधरा दिवसांनी तुला दिसेल. मग काय शिवायचं ते तूच ठरव."

बाईंना सुरीची भीती वाटत होती, अजूनही वाटत होती. तसं त्यांनी सांगितलं, पहिल्यांदाच, रस्त्याच्या मधोमध आणि मोठ्यानं. ग्रासिएत म्हणाली की मलाही वाटते, म्हणून तर दोन वर्षं ओरडतेय.

गुरुवार पाच दिवसांवर होता. तोवर आईला तिच्या बिऱ्हाडातून हलवून करायचं काय? ग्रासिएतनं बॅग उचलली आणि वर तोंड केलं. या खेपेला तिनं आईला आधी चढू दिलं आणि आपण एक पायरी मागे राहिली. मासळीवालीपाशी थांबली, आदेलीनूपाशी थांबली, कमानीपासून दुकानापर्यंतच्या त्या पन्नास पायऱ्यांना दोघींना तास लागला, आणि तिनं एकदाही घड्याळ बघितलं नाही.