खिडकीखालचा बाक

नव्वदच्या दशकात समुद्रपूरच्या आमच्या वाचनालयात पुस्तकं कुलूपबंद कपाटांत असत. पुस्तकं काय कैदी आहेत? चारचौघांत चिठ्ठी देऊन पुस्तक मागावं लागे, म्हणून बायका यायच्याच नाहीत. मी याविरुद्ध पत्रकं काढली.

तिथले शिपाईकाका प्रत्येक पत्रक ओठ हलवत शेवटपर्यंत वाचायचे. मग म्हणायचे, "लय कडक लिहितं बापू तू. पण बाईनं बसावं कुठं, थे लिहाचं राह्यलं."

एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी कपाटांची दारंच उतरवली आणि त्या फळ्यांचा खिडकीखाली बाक केला.

अध्यक्ष ओरडले, "दारं काऊन काढले?"

"वाळवी लागलती, साहेब."

सागवानी दारांना कसली वाळवी! पण पंधरा दिवसांत बायका येऊ लागल्या. आपल्या हाताने पुस्तक काढून, लेकरू मांडीवर घेऊन वाचत बसू लागल्या.

कमिटीने काकांना कामावरून काढलं. मी मोर्चाची तयारी केली, तर त्यांनी माझा हात धरला. "माह्यासाठी बोंबलशीन, तं थे रागानं दारं परत लावतीन. गप राह्य."

मी गप्प राहिलो. बाक टिकला. त्यावर बसलेल्या बाईचे पाय जमिनीला नीट टेकतात. ही उंची काकांनी कशी मापली, ते विचारायचं राहिलं, आणि आता काका गावात कुठेच भेटत नाहीत.