तिसरं पान

सॅनिटायझरचा वास आला की नेदरलँड्सच्या लायडनमधलं कालव्याकाठचं ते बुटक्या दाराचं जुनं घर आठवतं. तिथे रेस्टॉरंट होतं. लॉकडाऊनमध्ये आमच्याकडे अडकलेल्या सासूबाई फिरायला निघाल्या की त्या बंद दारापाशी थांबायच्या. "उघडलं की मला इथे न्यायचं हं, जावईबापू!" ते उघडण्याआधीच त्या वारल्या. उघडल्यावर आम्ही दोघं गेलो. दारात हातांना सॅनिटायझर लावून कोविड-नोंदणीच्या फॉर्मवर पत्नीने सवयीने 'तीन माणसं' लिहिलं. वेट्रेसने तिसरं पान मांडलं, त्यावर सूप ठेवलं. आम्ही अडवलं नाही. ते भरलेलं भांडं उचलताना तिने विचारलं, "आजींना आवडलं नाही का?" आम्ही तिला कुणाबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. पत्नी शांतपणे म्हणाली, "गार झालं असेल. गरम करून आणा." आजही आम्ही तिथे तिघांचंच टेबल मागतो.