कापसाची बोटं

"हात पुढे कर गं," बाई म्हणाल्या आणि माझ्या उजव्या हातात त्यांनी पांढरा हातमोजा चढवला. क्रोशाचा, मनगटाशी लेस लावलेला. मोज्याला पाच बोटं होती. मला तीन. उरलेल्या दोनांत बाईंनी आधीच कापूस ठासून भरला होता. ती कापसाची बोटं त्यांनी चिमटीत धरून सरळ केली, उशीचा कोपरा सारखा करावा तशी. मग मान मागे नेऊन बघितलं.

"किती छान! कुणाला कळणारसुद्धा नाही."

"काय कळणार नाही, बाई?"

"तेच गं, ते."

'ते' बाईंच्या यजमानांच्या कारखान्यात घडलं होतं. मरोळला त्यांचा गाळा होता, तिथे डब्यांची पत्र्याची झाकणं निघत. मी झाकणं कापणाऱ्या प्रेसवर होते. प्रेसच्या तोंडाशी एक लोखंडी जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. जाळीमुळे काम रेंगाळतं, असं यजमानांचं मत पडलं. जाळी निघाली. मागच्या भिंतीला टेकवून ठेवली. त्यानंतर ते आले की तिच्यावर आपला कोट अडकवायचे. थोड्याच दिवसांत माझी बोटं गेली. पहिलं आणि मधलं.

यजमानांना सगळे दादासाहेब म्हणत. ते आमच्या मंडळीचे पंच. अंधेरीच्या आमच्या चर्चमधला पहिला बाक त्यांच्या घराण्याचा. त्यांचे पणजोबा ब्राह्मणाचे ख्रिस्ती झाले, हे ते इतक्यांदा सांगत की येशूची वंशावळही कुणाला तेवढी पाठ नसेल. आम्ही नगरकडचे. आमचे पणजोबा कशाचे ख्रिस्ती झाले हे कुणी विचारत नसे, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. आमचे बाक दाराजवळचे. प्रभूसाठी सर्वस्व सोडलेल्या त्या घराण्यानं जात तेवढी जपून बरोबर आणली होती.

मी बोर्डिंगात मॅट्रिक झाले होते, मिळेल ते वाचत होते. दादासाहेब कौतुकानं मला 'आमच्या विदुषी' म्हणत. प्रेसवर बसवलं तेव्हाही तेच म्हणाले होते.

अपघाताची चौकशी करायला सोमवारी सरकारी इन्स्पेक्टर येणार होता. योगायोग असा, की आदल्याच दिवशी आमच्या चर्चमध्ये प्रार्थनेनं दुखणी बरी करायची आरोग्य सभा ठरली. चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, स्वतः आमच्या खोलीवर आले. याआधी ते कधी आले नव्हते. बोटं गेली तेव्हाही नाही.

"सलाम, मुली. उद्या पुढे येऊन साक्ष दे. प्रभूनं मनातली कटुता काढून मला बरं केलं, एवढंच. आणि अपघात माझ्याच बेसावधपणानं झाला, हे. मग दादासाहेब तुला उजवा हात देतील."

आमच्या मंडळीची ही रीत. दोघांचं बिनसलं असेल तर सगळ्यांसमोर एकमेकांना उजवा हात द्यायचा. हात दिला की भांडण मिटलं. त्याबद्दल पुन्हा तोंड उघडायचं नाही. कुठेच नाही. इन्स्पेक्टरपुढेही नाही.

"उजवाच?" मी विचारलं.

पाळकसाहेबांनी माझ्या हाताकडे बघितलं, मग चहाच्या कपाकडे. "त्याची व्यवस्था बाई करतायत," ते म्हणाले.

ती ही व्यवस्था.

बाई सभेला पुढे गेल्या आणि एस्तेर आत आली. आम्ही एका खोलीत राहायचो. माझ्यानंतर त्या प्रेसवर तिलाच बसवलं होतं. दुष्काळाचं साल होतं, नगरकडून माणसं येतच होती. मशीन रिकामं राहत नव्हतं.

"अय्या, उगवली काय गं?" तिनं मोजा बघितला. "झकास! उद्या नखं पण येतील. रंग लाव हां."

मी हसले नाही. मग तीही थांबली.

"तू हात दे नाहीतर नको देऊ, मी काय बोलत नाय. पण जाळी अजून भिंतीलाच हाय. काल त्यांनी तिच्यावर कोट टांगला. मी कोटाकडं बघत होते, अन् माझा हात आतच होता गं."

सभा सुरू झाली. पाहुणे प्रचारक पांढऱ्या सुटात होते. ते डोक्यावर हात ठेवत आणि ओरडत. प्रभूला कमी ऐकू येतं अशी त्यांची समजूत असावी. डोकेदुखी गेली. कंबरदुखी गेली. एका काकूंची झोप परत आली. ज्याचं दुखणं दिसत नव्हतं तो प्रत्येक जण बरा झाला. लंगडत चढलेले एक म्हातारे लंगडतच उतरले, पण हल्लेलूया म्हणत. त्यांनाही बऱ्यांत धरलं.

मग माझं नाव पुकारलं.

दादासाहेब आधीच पुढे उभे होते. डोळे मिटलेले, उजवा हात पुढे केलेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. क्षमा मिळणारच, या खात्रीनं उभे होते, जसं घरी नोकर पाणी आणणारच या खात्रीनं बसत. पाहुणे खिळ्यांबद्दल बोलत होते, प्रभूच्या हातांतल्या जखमांबद्दल. आवाज भरून आला होता.

मी माझ्या हाताकडे बघितलं. लेस. कापूस.

आणि मला तो शिष्य आठवला, जो म्हणाला होता की जखमा बघितल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही. प्रभू मेलेल्यांतून उठला होता. मरण पुसलं, पण हातांतली भोकं ठेवली. ती त्यानं त्या शिष्याला दाखवली. कुणाला वाईट दिसेल म्हणून झाकली नाहीत. त्याला कुणी हातमोजा विणून दिला नव्हता.

मी मोज्याची कड दातांत धरली आणि ओढला. कापसाचे बोळे खाली पडले. एक दादासाहेबांच्या बुटावर. मी हात पुढे केला. उघडा. टाके नुकते सुकलेले, कातडी अजून लाल.

"घ्या," मी म्हणाले. "हाच आहे माझा उजवा हात."

दादासाहेबांनी डोळे उघडले. त्यांचा हात मागे गेला. आपोआप, चटका बसावा तसा. मागच्या बाकावरच्या माणसांनीही ते बघितलं.

"अगं, काय हे! देवाच्या घरात?" बाई पहिल्या बाकावरून म्हणाल्या.

"दादासाहेब, जाळी बसवा," मी म्हणाले. "आज त्या मशीनवर एस्तेर आहे. आधी जाळी, मग हात."

पाळकसाहेबांनी घाईनं खूण केली आणि पेटीवाल्यानं भजन सुरू केलं. इतकं मोठ्यानं ते भजन त्या चर्चमध्ये कधी गायलं गेलं नसेल.

सोमवारी गाळ्यावर इन्स्पेक्टरला मी हात दाखवला. मग मागच्या भिंतीशी नेऊन, कोट उचलून जाळी दाखवली. जाळी बसली. माझं काम गेलं. एस्तेरचं राहिलं, सगळ्या बोटांसकट. मंडळीत ठरलं, की माझ्यात सैतान शिरलाय. सैतानाला कामगारांच्या बोटांची एवढी काळजी असेल, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

पाळकसाहेब पुन्हा एकदा येऊन गेले. क्षमा कर, बरं वाटेल, म्हणाले. मी सांगितलं, मला बरं वाटून घ्यायचं नाहीये. ज्यानं केलं त्यानं आधी 'मी केलं' म्हणावं. उभं राहून, सगळ्यांसमोर, साक्षीला मला उभं केलं होतं तिथेच.

त्यानंतरच्या प्रभुभोजनाला मी दाराजवळचा बाक सोडला आणि पहिल्या बाकावर जाऊन बसले. बाई सरकल्या. जागा देण्यासाठी नव्हे. भाकर आली तेव्हा मी तोच हात पुढे केला. पाळकसाहेब अडखळले. भाकर घेऊन तसेच उभे राहिले, माझ्या डाव्या हाताची वाट बघत.

डावा हात मी मांडीवर ठेवला होता. उजवा मागे घेतला नाही. घेणार नाही.