बिनपायाची विळी

धरणगावच्या चुडामण लोहाराला भट्टीच्या धगीची कधी भीती वाटली नाही. बायकोच्या जिभेची मात्र वाटायची. कोयता असो की खुरपं, भागाबाईने पात्यावर अंगठा फिरवून नाक मुरडल्याशिवाय ते बाजारात जात नसे. "धार कमी शे," हे तिचं ठरलेलं. तो वैतागायचा आणि पुन्हा घासायचा. त्याच्या कोयत्याला नाव होतं ते या खोडीपायीच.

पोळ्याच्या सुमारास तिची डावी बाजू लुळी पडली. विळी सुटली. चंपाषष्ठीचा भरिताचा निवद लग्नापासून तिच्याच हातचा, पण यंदा तिने सुनेला सांगून टाकलं, "तूच कर." चुडामण नवा कोयता दाखवायला न्यायचा, तर अंगठाही न लावता म्हणायची, "चांगला शे." ते ऐकलं की तो कोयता तसाच घेऊन भट्टीकडे परतायचा.

सुनेने, भूमिकाने, एकदा मोबाइलवर बर्फाच्या मुलखातल्या इन्युइट बायकांची सुरी दाखवली. पातं अर्ध्या चंद्रासारखं, मूठ पात्याच्या वर मधोमध. एकाच हाताने दाबून डोलवायची की मासा कापला जातो.

"आबा, आईले जमी," ती म्हणाली.

चुडामणने वखारीतून मोडक्या गोल करवतीचं पातं आणलं, छाटलं, तापवून पाणी दिलं. मूठ बाभळीची केली आणि ओल्या हातातून निसटू नये म्हणून तिच्यावर ठिबकच्या जुन्या नळीचा तुकडा चढवला. बर्फातल्या त्या बायका पोट धरून हसल्या असत्या, पण पकड झक्कास होती.

चंपाषष्ठीला सकाळी भागाबाईने ती हातात घेतली, मूठ उजव्या पायाखाली दाबली आणि वर आलेल्या पात्यावर कांद्याची पात ओढू लागली. जन्मभर विळी चालवलेली बाई, दुसरं काय करणार? सुरी कलंडली, पात विखुरली.

"चांगली शे. पन ठेई द्या."

चुडामणने सुरी उलटी केली, तिचा हात मुठीवर ठेवला आणि त्यावर आपला ठेवला. "विळीवर भाजी चालस. आठे सुरी चालस. पाय नको, हात डोलाव."

दोघांनी मिळून जुडी कापली. मग त्याने हात हळूच काढून घेतला, तिला कळलंही नाही. मिरच्या झाल्या, लसूण झाला. भूमिका मदतीला वाकली.

"सरक. निवद मी करसु."

काम आटोपल्यावर भागाबाईने पात्यावरून अंगठा फिरवला आणि नाक मुरडलं. "धार कमी शे. तुमले लोहार कोनी करं?"

इतक्या महिन्यांनी बोलणी खाऊन चुडामणचं पोट भरलं. डोळे पुसत तो कानस शोधायला उठला.