विकत घेतलेलं लेकरू

बातमी आली तेव्हा मी सुजयचं ढुंगण धूत होते. एका हाताने त्याला धरलेलं, दुसऱ्या हातात पाण्याचा मग, आणि फोन खांद्याने कसाबसा कानाशी दाबलेला. लीलाबाईंचा मुलगा नागपूरहून बोलत होता. "आई गेली," एवढंच म्हणाला. मी "हो का" म्हटलं. तेवढ्यात सुजय हातातून निसटला आणि ओल्या अंगाने घरभर पळत सुटला. त्याला पकडून चड्डी घालणं, फरशी पुसणं, मग त्याच्यामागे वरणभाताची ताटली घेऊन फिरणं, यात सकाळ संपली. लहान लेकराच्या घरात माणसाला धड रडायलाही सवड मिळत नाही. ही गोष्ट लीलाबाईंना सांगितली असती तर पोट धरून हसल्या असत्या, असं मनात आलं आणि मग मात्र मी मोरीच्या उंबऱ्यावरच बसले. आता हे सांगायचं कोणाला?

त्या आमच्या शेजारीण. मी चंद्रपूरची, नोकरीमुळे गडचिरोलीला आले. नवरा बल्लारपूरला, शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटेच्या बसने जायचा. सुजय झाला आणि त्या भाड्याच्या दोन खोल्या मला अंगावर येऊ लागल्या. दिवेलागणीला तो रडायला सुरुवात करी ती घसा बसेपर्यंत. डॉक्टर म्हणाले, वजन वाढतंय, काळजी करू नका. काळजी मी करतच नव्हते. मला फक्त तो आवाज थांबायला हवा होता. सासूबाई गावाहून आल्या, त्यांनी दोन दिवस पाहिलं आणि निदान केलं, नजर लागली. उपायही जुनाच काढला. लेकरू सुपात घालून शेजारणीला विकायचं, तिने मूठभर तांदूळ द्यायचे. लेकरू परक्याचं झालं की नजर त्याच्याकडे वळत नाही म्हणे. माझ्या वडिलांनी असल्या गोष्टींना कधी दारात उभं केलं नव्हतं. मी नाही म्हणून भांडले. पण लीलाबाई तांदूळ मुठीत घेऊनच आल्या, सुपातला सुजय उचलला आणि माझ्या कानाशी पुटपुटल्या, "मी बी नाई मानत बाप्पा. पन घेऊन तं जातो ना घंटाभर. तू झोप."

मी झोपले. बाळंतपणानंतर पहिल्यांदा, कोणी उठवणार नाही अशा खात्रीने झोपले.

रडणं काही थांबलं नाही. नजर असती तर थांबलं असतं ना! पण तो व्यवहार लीलाबाईंनी कायमचा धरून ठेवला. मी ऑफिसातून येऊन त्याला घेतलं, त्याने टाहो फोडला, की मधल्या बुटक्या भिंतीपलीकडे त्या उभ्या. काही विचारायच्या नाहीत, सल्ला द्यायच्या नाहीत, दोन्ही हात पुढे करायच्या. "आन इकडे माहं पोट्टं. तू फक्त सांभाळून राह्यली, समजली का?" हे वाक्य गमतीचं होतं, पण मला त्याने किती हलकं वाटे ते मी आज पहिल्यांदाच लिहिते आहे. लेकरू माझं एकटीचं नाही, घटकाभर मी नुसती राखणदार आहे... आई झालेल्या बाईला असं म्हणू देणारं कोण भेटतं?

त्या काही देवमाणूस वगैरे नव्हत्या. जेवायच्या आधी त्याला गूळ चारायच्या, मालिका लावून समोर बसवायच्या, आणि माझ्या भाजीला नावं ठेवायच्या. तो बोलायला लागला तो त्यांच्याच तोंडाने. "मले नाई पायजे" हे त्याचं पहिलं पूर्ण वाक्य. चंद्रपूरला आईने फोनवर ते ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

एकदा त्याने दुधाची पिशवी फोडून अंथरुणावर ओतली, त्या दिवशी मी भिंतीशी जाऊन बोलून गेले की मला हे आवडत नाही. लेकरू आवडतं, पण हे रोजचं भरवणं, पुसणं, मनधरणी करणं आवडत नाही. बोलले आणि घाबरले. लीलाबाई वाल सोलत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मले तरी कुठी आवडलं वो? तीन तीन वाढवले. लोकं म्हन्तेत, हे दिवस परत येत नाईत. नाईच येत, म्हनून तं बरं हाये." मग आम्ही दोघी हसत सुटलो. आपल्या पोरांवर त्यांचा जीव होता, हे मी पाहत होते. तरीही ते वाक्य त्यांना बोलता येत होतं. पुढे कितीतरी वेळा मी त्याच वाक्याच्या आधाराने दिवस ढकलला.

लीलाबाईंचं दुखणं निघालं तेव्हा त्यांचा मुलगा गाडी घेऊन त्यांना नागपूरला न्यायला आला. त्या मागच्या सीटवर उशीला टेकून बसल्या होत्या. सुजयने खिडकीतून हात आत घातले, त्यांनीही सवयीने हात पुढे केले, पण उचलायचं बळ नव्हतं. "आता तूच ठेव थोडे दिवस," मला म्हणाल्या. थोडे दिवस म्हणाल्या, म्हणून मीही मान डोलावली.

आता त्यांच्या दाराला कुलूप आहे. नवरा फोनवर धीर देतो, मोठा होईल गं. मैत्रिणी लेकरांचे हसरे फोटो पाठवतात, मीही पाठवते. सगळे आपुलकीचे आहेत, पण संध्याकाळी मला फार एकटं वाटतं. सुजयवर चिडले की मी कोणाची तरी वाट पाहत असल्यासारखी अंगणात जाऊन उभी राहते.

गेल्या आठवड्यात समोरच्या घरात एक नवी बिऱ्हाडकरू आली, कडेवर काही महिन्यांची मुलगी. काल संध्याकाळी ते पोर थांबायचं नाव घेईना. मी सुजयचं बोट धरून गेले. तिने दार अर्धं उघडलं. केस विस्कटलेले, डोळे तारवटलेले, ओढणी खांद्यावर दुधाने ओली. मी दोन्ही हात पुढे केले. ती गडबडली, लेकरू आणखी छातीशी धरून हसली. "नाही हो ताई, त्रास काहीच नाही. मजेत चाललंय आमचं." दार लागलं, आतलं रडणं पुन्हा चढलं, आणि माझे हात थोडा वेळ तसेच राहिले.

सुजय हे सगळं मान वर करून बघत होता. परत येताना रस्त्याच्या मधोमध थांबून त्याने विचारलं, "नाई देलं का तिनं?"

"नाही दिलं."

त्याने जरा विचार केला. "तिले नाई मालूम ना," तो म्हणाला. "उद्या अजून जाऊ."